ओझेलाचा आवाज

“पूर्ण नाव सांगा,” ओझेला म्हणाली आणि कोलार्डच्या भाजीने भरलेली पळी तशीच हातात धरून उभी राहिली.

मागे रांग खोळंबली होती. मिस्टर फाँटेनो ताट पुढे करून चक्क लाजले. साठी उलटलेला हा माणूस जन्मभर ह्यूस्टनच्या सिटी बस दुरुस्त करत आला. बायको गेली, घर खायला उठलं, म्हणून त्यांनी आमच्या विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गांना नाव घातलं, आणि रखडत रखडत का होईना, इतिहासाच्या पदवीपर्यंत येऊन पोचले.

“अल्सीड मार्सेल फाँटेनो,” ते म्हणाले. “मार्सेल हे वडिलांचं नाव. ते गाळू नका.”

“मी कुणाचं काही गाळत नाही. घरचं कोण येणार?”

“मुलगा पार अलास्कात. त्याला कुठली सुट्टी.”

“म्हणजे मीच.”

“तुम्हीच. फक्त ते ‘माझं लेकरू’ तेवढं म्हणू नका हो. मी तुमच्यापेक्षा मोठा आहे.”

“व्यासपीठावर चढलं की सगळी लेकरंच,” ओझेला म्हणाली, आणि भाजी एकदाची त्यांच्या ताटात पडली.

“मिस ओझी, इथं आमची भूक मेली,” मागून एक पोरगी ओरडली.

“मेली तर मेली. तुझं नाव पुकारायला अजून दोन वर्षं आहेत, तोवर उठेल परत.”

मी शेजारीच मक्याचा पाव वाढत होते. मी अर्लीन. ओझेला गेंट्री आणि मी ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड वस्तीतल्या एकाच गल्लीत वाढलो, एकाच चर्चला जातो, आणि विद्यापीठाच्या मेसमध्ये एकाच काउंटरला उभं राहून आमच्या दोघींचे पाय सुजतात. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते. तिला तो मान्य नसेल, पण तिला विचारतंय कोण.

आमच्याकडे पदवीदानाला डीनबाई सुरुवातीलाच हात जोडून सांगतात की सगळी नावं वाचून होईपर्यंत कृपया टाळ्या राखून ठेवा. लोक ते शांतपणे ऐकून घेतात, माना डोलावतात, आणि पहिल्या नावाला छप्पर उडवतात. भोंगे काय, खुळखुळे काय, पोराच्या चेहऱ्याचे छापील पंखे काय. आत्या, मावश्या, चर्चचे अर्धे लोक, सगळे बाकांवर चढतात. डीनबाईंची स्वतःची पुतणी होती त्या वर्षी त्या माइकपासून दोन पावलं बाजूला झाल्या आणि ओरडून परत माइकपाशी आल्या. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं आम्हा काळ्यांना बंद होती तेव्हा हे विद्यापीठ निघालं. आमच्या आजी-पणजींची नावं कुणी मोठ्याने पुकारलीच तर ती कामाला जुंपायला. तेव्हा इथं नाव आलं की ते शहरभर ऐकू गेलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं, आणि त्यात चूक काय ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पण सगळ्यांचीच माणसं येत नाहीत. कुणाची आई कामावरून सुटत नाही, कुणाची समुद्रापलीकडे असते. अशाच एका नायजेरियाच्या मुलीचं नाव एकदा पुकारलं गेलं आणि अख्ख्या त्या बंदिस्त मैदानात हूं नाही की चूं नाही. मुलगी खाली मान घालून चालायला लागली. तेव्हा माझ्या शेजारून ओझेला उठली आणि त्या मुलीचं ते लांबलचक नाव एका दमात म्हणून वर ओरडली, “ते माझं लेकरू आहे!” मुलीने मान वर केली ती खाली उतरेपर्यंत तशीच होती. त्यानंतर दरवर्षी एप्रिल-मे आला की पोरं काउंटरवर ताट पुढे करतात आणि हळूच आपलं पूर्ण नाव सांगतात. ओझेला लिहून घेत नाही, तिला लागतही नाही. तिचा आवाज एवढा की चर्चच्या गायकवृंदात तिला मागच्या दाराजवळ उभं करतात, आणि तरी पहिल्या रांगेला तीच ऐकू येते. आम्ही मेसच्या बाया तिच्याभोवती बसतो. सुरुवात तिने करायची, आम्ही उचलून धरायचं, असं ठरून गेलेलं आहे.

आणि यंदा तिची स्वतःची मुलगी व्यासपीठावर चढणार होती. कोरिंथिया. फार्मसीची पदवी, नावामागे डॉक्टर लागणार. नवरा पोरगी पाळण्यात असतानाच निघून गेला होता. या मेसच्या पगारावर आणि रविवारी लोकांच्या लग्नांत वाढप करून ओझेलाने तिला वाढवली. कोरी वाईट मुलगी नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला बोल लावाल.

मिस्टर फाँटेनोंनी नाव सांगितलं त्याच दिवशी दुपारी कोरी आली. जेवणं उरकली होती, आम्ही काउंटर पुसत होतो.

“आई, एक सांगू? रागवायचं नाही.”

“म्हणजे रागवण्यासारखं आहे.”

“शनिवारी ज्युलियनचे आईवडील तुझ्याशेजारी बसणार आहेत ना.” ज्युलियन म्हणजे तिचा ठरलेला नवरा. त्याचे वडील अटलांटात दातांचे डॉक्टर, आई एका शाळेची मुख्याध्यापिका, आणि दोघंही तिथल्या नामांकित खासगी कॉलेजातले. आमच्याच रंगाची माणसं, पण त्यांच्या घरात चांदीच्या चमच्यांना वेगळा कप्पा असतो.

“बसू देत की. मी चावत नाही.”

“तसं नाही ग. ती माणसं... शांत आहेत. ज्युलियनच्या आईने मला जेवताना सांगितलं, त्यांच्या पदवीदानाला सगळ्या मुली पांढऱ्या कपड्यांत होत्या आणि टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तशी सवय आहे त्यांना. तू जर...” कोरी जमिनीकडे बघत म्हणाली, “यंदा नुसत्या टाळ्या वाजव ना.”

ओझेलाचं फडकं थांबलं. “तुला माझी लाज वाटते?”

“नाही ग आई.”

“मग काय वाटतं?”

कोरी काउंटरची कड नखाने खरवडत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण शब्द मागे घेतला नाही तिने. मी मध्ये तोंड घालणार होते, ओझेलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पावाचे ट्रे उचलून आत गेले. आतूनही ऐकू येत होतंच.

“बरं,” ओझेला म्हणाली. “नाही ओरडणार. तुला जे बरं दिसेल ते. जेवलीस का?”

कोरी गेल्यावर मी बाहेर आले तर ओझेला पुसलेलाच काउंटर पुसत होती. मी कोरीला चार शब्द सुनवायला सुरुवात केली, तर म्हणते, “तिचं बरोबर आहे, अर्लीन. मी ओरडताना दिसते कशी, हे मी कधी बघितलंय?”

“त्यात काय बघायचं?”

“तुझ्या फोनमध्ये मागच्या वर्षीचं आहे ना. लाव.”

मी नको नको म्हणत लावलं. तिने फोन हातात घेतला. त्यात ती एका रोपट्यासारख्या पोरासाठी ओरडत होती. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, टोपी कानावर आलेली, तोंड एवढं उघडं की मागची चांदी भरलेली दाढ दिसावी. आजूबाजूचे हसत होते. ते तिच्यावर हसत नव्हते, प्रेमाने हसत होते, हे मला ठाऊक, मी तिथं होते. पण फोनमध्ये बघताना हसणं हे नुसतं हसणंच दिसतं.

“बंद कर ते,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी असं करतेय आणि तुम्ही कुणी मला सांगितलं नाही.”

मी पुष्कळ समजावलं. पण एकदा माणूस स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागला की त्याच्याशी काय बोलायचं.

शनिवारी ती फिक्या निळ्या कपड्यांत आली, टोपीसुद्धा लहान. ज्युलियनचे वडील, डॉक्टर लॅटिमोर, उठून उभे राहिले, तिला जागा करून दिली. मिसेस लॅटिमोर म्हणजे सडपातळ बाई, गळ्यात मोत्यांचा एकच सर, बोलणं इतकं मऊ की कान पुढे न्यावा लागे. “तुमच्याबद्दल किती ऐकलंय कोरीकडून,” त्या म्हणाल्या. ओझेला हसली आणि मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवून बसली, दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर लागायची वाट बघत बसतात तशी. त्यांच्यापुढे तिने तोंडसुद्धा नीट उघडलं नाही. त्या दाढेमुळे असणार.

डीनबाईंनी टाळ्या राखून ठेवायची विनंती केली. लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या नावाला छप्पर उडालं. ओझेला दोन बोटांनी टाळ्या वाजवत होती.

मला वाटलं होतं, न ओरडण्याचं ठरलंय ते कोरीपुरतं. बाकीच्या पोरांना तिने शब्द दिलाय, तो ती पाळेल. ओझेलालाही तसंच वाटत असावं, कारण इतिहासवाले रांगेत उभे राहिले तशी ती पुढे सरकून बसली. मिस्टर फाँटेनो दिसत होते. झगा त्यांना लांब झाला होता, एका हाताने तो उचलून धरून चालले होते.

“अल्सीड मार्सेल फाँटेनो.”

ओझेलाने श्वास घेतला. मी ऐकला तो. नेमक्या त्याच वेळी मिसेस लॅटिमोर तिच्याकडे वळल्या, काहीतरी चांगलंच बोलायला असतील, आणि ओझेलाने तो श्वास तसाच आत ठेवला. पर्स घट्ट धरली. आम्ही सगळ्या बाया तिच्याकडे बघत राहिलो. ती सुरुवात करेल, मग आम्ही, ही सवय इतकी हाडीमासी भिनलेली की ती करणार नाही हे कळेपर्यंत वेळ निघून गेली. मिस्टर फाँटेनो व्यासपीठाच्या मध्यावर थांबले. वर आमच्या बाजूला बघितलं. मागची मुलगी त्यांच्या पाठीवर आदळली तेव्हा त्यांनी झगा सावरला आणि पुढे गेले. माझ्यासकट आम्ही काहीजणींनी टाळ्या वाजवल्या, पण त्या तेवढ्या मोठ्या जागेत कुठे पोचणार.

ओझेलाचे कान लाल झाले होते. आमच्या वर्णाला ते सहसा दिसत नाही, पण मी तिला लहानपणापासून बघतेय.

“ओझेला,” मी कुजबुजले, “अगं, ते तुझ्याकडे बघत होते.”

“दिसलं मला,” ती म्हणाली.

त्यानंतर तिच्या आणखी पोरांची नावं आली. एक जमैकाची मुलगी, एक अनाथाश्रमातून आलेला पोरगा. पुढच्या रांगेतला कुणीतरी वळून म्हणाला, “मिस ओझी आल्यात ना?” ती खाली बघत होती.

मग फार्मसीचे आले. कोरी रांगेत दिसली, उंच मान, खांद्यावर हिरव्या अस्तराचा पट्टा. ओझेलाने ओठ आत ओढून दातांखाली धरले.

“कोरिंथिया मे गेंट्री.”

 मेसच्या बाया सवयीने ओझेलाकडे बघत होत्या आणि ओझेला ओठ चावून बसली होती. तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला काहीतरी पडलं. ती मिसेस लॅटिमोरांची पर्स होती. त्या बाकावर चढल्या होत्या, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरलेले, आणि एवढ्याशा बाईतून आवाज निघाला तो माझ्या अंगावर आला.

“कोरिंथिया मे गेंट्री! ही आमची लेक आहे!”

डॉक्टर लॅटिमोरांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मग काय, मेसच्या बाया, मागची पोरं, सगळ्यांनीच उचललं. आवाज घुमत राहिला. कोरीने वर पाहिलं. तिला काय दिसलं ते मला ठाऊक आहे, कारण मी त्या दोघींच्या लगतच बसले होते. मोत्याच्या सरवाली बाई बाकावर चढून तिचं नाव ओरडत होती आणि तिची आई मांडीवर पर्स घेऊन बसून टाळ्या वाजवत होती.

बाहेर हिरवळीवर ऊन मी म्हणत होतं. मिसेस लॅटिमोर रुमालाने कपाळ टिपत हसत होत्या. “मिसेस गेंट्री, मला वाटलं सुरुवात तुम्ही कराल. पहिला मान आईचा. मी थांबले होते बरं का तुमच्यासाठी. पण नाव तर चाललं निघून, मग मला राहवेना. रागावला नाहीत ना?”

ओझेलाने मान हलवली.

“आमच्या वेळी कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती. मी कोरीला सांगितलंच आहे, टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्यापेक्षा प्रेतयात्रेला जास्त गलका असतो. माझ्या आईने तर रुमाल तोंडात कोंबला होता. तेव्हापासून ठरवलंय, मुलांच्या वेळी मी घसा फाटेस्तोवर ओरडणार.”

कोरी तेवढ्यात येऊन पोचली होती. तिने हे शेवटचं सगळं ऐकलं. तिने कौतुक म्हणून ऐकलेली गोष्ट बाईंनी तक्रार म्हणून सांगितली होती. पोरीचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडे बघवेना, आणि मी तर तिला चार शब्द सुनवायला टपलेली बाई.

“आई,” ती म्हणाली, “ते मी... मीच तुला...”

“घसा बसलाय माझा,” ओझेला घाईघाईने कुजबुजली. “सकाळपासून. आवाजच फुटत नाही.”

या बाईला मी उभ्या जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बोलली तेही इतकं चोख की मिसेस लॅटिमोरांनी लगेच तिचा दंड धरला. “अगं बाई. आणि नेमका आज.”

 खरं सांगायची वेळ आईने कोरीच्या हातातून काढून घेतली होती, तिचीच लाज झाकायला.

मिस्टर फाँटेनो गर्दीतून वाट काढत आले. टोपी काखेत, झगा अजून उचललेला. “मिस ओझेला,” ते म्हणाले, “मी वर बघितलं. मला वाटलं, माझंच काही चुकलं.”

ओझेलाने गळ्याला हात लावून दाखवलं. तिला आता दुसरं काही दाखवताच येत नव्हतं.

“त्यांचा घसा बसलाय,” मिसेस लॅटिमोरांनी तिच्या वतीने सांगितलं.

“अस्सं होय.” माणसाचा जीव भांड्यात पडला. त्यांनी झग्याखाली खिशात हात घालून पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोडवून तिच्या हातावर ठेवली. “जपा हो. तुमचा आवाज म्हणजे काय... बरं, माझी बस येईल.”

ओझेलाने गोळी तोंडात टाकली. ते हिरवळ ओलांडून, एकटेच, थांब्याकडे गेले. तिला त्यांना हाक मारायची होती, मला दिसत होतं. पण घसा बसलेल्या बाईने हाक कशी मारायची.

त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर कोरीने आईला बाजूला घेतलं. मी अर्थातच जवळ होते.

“आई, मला माफ कर. आता म्हण ना. इथं. सगळ्यांसमोर म्हण, मला चालेल.”

“आता काय ग,” ओझेला तिचा पट्टा नीट करत हळूच म्हणाली. “नाव एकदाच पुकारतात.”

दुपारी डॉक्टर लॅटिमोर सगळ्यांना जेवायला घेऊन गेले. ओझेलाने मला सोडलं नाही. तळलेला मासा आला, बैलाच्या शेपटीच्या मांसाचा रस्सा आला, भाजी आली. भाजी नुसती बघूनच आळणी वाटत होती, पण त्या दिवशी ओझेलाने नाक मुरडलं नाही. मिसेस लॅटिमोरांनी तिच्यासाठी मुद्दाम गरम चहा आणि मधाची बाटली मागवली. खोट्याचं असंच असतं, एकदा बोललं की दिवसभर सांभाळत बसावं लागतं. वेटरला पाणी मागायचं तरी ती खुणेने मागत होती. कोरी समोर बसून हे सगळं बघत होती.

“मिसेस गेंट्री,” डॉक्टर म्हणाले, “जेवणाआधीची प्रार्थना मुलीच्या आईने म्हणावी, नाही का?”

“अहो, त्यांचा घसा,” मिसेस लॅटिमोर म्हणाल्या. “मी म्हणते हवं तर.”

ओझेलाने मान हलवली. एवढं मात्र तिने सोडलं नाही. आम्ही हात धरले. ती इतक्या हळू बोलायला लागली की सगळ्यांनाच तिच्याकडे वाकावं लागलं.

“देवा, या अन्नासाठी तुझे आभार. ज्यांनी रांधलं त्यांच्या हातांना बळ दे. दूरवरून आलेल्या माणसांना सुखरूप घरी पोचव. अल्सीड मार्सेल फाँटेनो यांना बसमध्ये बसायला जागा मिळो.” ती थांबली. मग श्वास न तोडता, पूर्ण, प्रत्येक अक्षर जागच्या जागी ठेवून म्हणाली, “आणि कोरिंथिया मे गेंट्री.”

‘ते माझं लेकरू आहे’ हे पुढचं वाक्य ऐकायला मी थांबले. इतक्या वर्षांची सवय. पण तिने फक्त आमेन म्हटलं.

माना वर झाल्या, चमचे वाजायला लागले. कोरीची मान वर झाली नाही. टेबलावर वाकलेले तिचे खांदे हलत होते आणि ज्युलियन काय झालं, काय झालं विचारत होता. ओझेलाने एक हात टेबलापलीकडे नेऊन तिच्या मनगटावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने तो मध घातलेला चहा प्यायला लागली. घसा अजिबात दुखत नव्हता, तरी तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.